कोपऱ्यातला गडी

कबड्डीचं वेड असलेल्या कुणालाही विचारून बघा, चढाईला जाणारे पाच मोठे खेळाडू सांग. तो प्रदीप नरवालपासून सुरुवात करील, अनुप कुमार, अजय ठाकूर, पवन सेहरावत अशी नावं धडाधड घेईल, आणि वर अभिमानाने आपल्या रिशांक देवाडिगाचं किंवा काशिलिंग आडकेचं नाव घालील. मग त्यालाच विचारा, बाबा रे, डाव्या कोपऱ्यात उभं राहून पकड करणारे पाच जण सांग. दोन नावांनंतर तो डोकं खाजवायला लागतो. आज मला बोलायचं आहे ते या डोकं खाजवायला लावणाऱ्या माणसाबद्दल. खेळ हाच ज्याचा पोटाचा धंदा झाला आणि त्या धंद्यात ज्याच्या वाट्याला अडवण्याचं काम आलं, अशा गड्याची कारकीर्द कशी असते, ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते, याबद्दल.

ज्यांनी हा खेळ जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं मैदान आखून घेतो. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, मधोमध रेघ. म्हणजे एका संघाच्या वाट्याला आपल्या वाड्यातल्या ओसरी-अंगणाएवढीच जागा. त्यात सात गडी. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या अंगाला मध्यरक्षक, ज्यांना आता सगळेच 'कव्हर' म्हणतात, आणि बाकीचे त्यांच्या हाताला हात लावून साखळीत. चढाईला आलेल्याला ३० सेकंद मिळतात. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा असते. ती ओलांडली नाही आणि कुणाला शिवलंही नाही, तर तो बाद. तिच्या पुढे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हा ही रेषा ओलांडली की एक गुण फुकटात. हा फुकटचा गुण घ्यायला चढाईवाला एक पाय लांब टाकतो, दुसरा मागे हवेत उचलतो. त्या क्षणी त्याचा सगळा भार एका घोट्यावर असतो. कोपऱ्यातला गडी त्या एका घोट्यासाठी उभा असतो.

आणखी एक गोष्ट. चढाई करणाऱ्याने 'कबड्डी, कबड्डी' असं सतत म्हणत राहायचं असतं, तो त्याचा दम. बोलणं हा त्याचा नियमच आहे. समोरचे सात मात्र गप्प. आमच्या धंद्यात बोलणाऱ्यालाच टाळ्या पडतात, म्हणून असेल कदाचित, मला या गप्प माणसाचं लहानपणापासून कुतूहल वाटत आलेलं आहे.

त्याच्या कामातली खरी मेख पुढे आहे. पकड करायला तो पुढे झेपावला, हात लागला, पण पकड सुटली आणि समोरचा मध्यरेषेला पोहोचला, की हाच बाद. चढाईवाला काही न मिळवता परत गेला तर तो बाद होत नाही, त्याला पुन्हा येता येतं. कोपऱ्यातल्याने एकदा चूक केली की तो थेट बाहेरच्या बाकावर, आणि आपल्या माणसाने गुण मिळवून त्याला पुन्हा उठवेपर्यंत तिथेच. दोनांतली एक पकड टिकली तरी तो उत्तम खेळाडू समजला जातो. म्हणजे निम्म्या वेळा पडायचं हे ठरलेलंच, तरी न घाबरता पुढच्या घोट्यावर नजर ठेवायची.

आता त्याच्या हिशेबाकडे या. पकड झाली की एक गुण, त्याच्या नावावर. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड केली तर दोन गुण, तिला अव्वल पकड म्हणतात. इथपर्यंत ठीक. पण त्याने पाय असे रोवले, अंतर असं राखलं की समोरच्याची हिंमतच झाली नाही आणि तो रिकाम्या हाताने परत गेला, तर? फलकावर काहीच नाही. वहीत लिहितात 'रिकामी चढाई', आणि तीसुद्धा चढाई करणाऱ्याच्या खात्यावर. ज्याच्यामुळे ती रिकामी गेली त्याच्या खात्यावर कोरं. वॉचमनच्या नोकरीसारखं आहे हे. चोरी झाली तर त्याचं नाव निघतं, झाली नाही तर पगार कशाचा घेतो असं लोक विचारतात.

ही गत जगभर आहे. माझा एक पुतण्या नोकरीनिमित्त कॅनडात आहे. तिकडे बर्फावरच्या हॉकीचं वेड आपल्या क्रिकेटसारखं. पायात धारेचे बूट, हातात काठी, चेंडूच्या जागी रबराची चकती, आणि एका वेळी सहा गडी: एक गोलरक्षक, तीन पुढे, दोन बचावाला. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाख आणि हिमाचलच्या थंडीत खेळला जातो. २०२५ साली आपल्या मुलींच्या संघाने आशिया चषकात कांस्यपदकही आणलं. त्या खेळातल्या बचावपटूची मोठी कहाणी म्हणजे बॉबी ऑर. १९६६ साली, अठराव्या वर्षी तो बोस्टनच्या संघात आला. त्या काळी बचाववाल्याने मागे उभं राहायचं, अंगावर येणाऱ्याला आडवं घ्यायचं, एवढंच काम समजलं जाई. या पोराने मागून चकती घेऊन थेट पुढे जायला सुरुवात केली. १९६९-७० च्या हंगामात गोल आणि गोलसाहाय्य मिळून सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण त्याचे, आणि तोवर कुठल्याही बचावपटूला ते जमलं नव्हतं. उत्कृष्ट बचावपटूचा नॉरिस करंडक त्याने लागोपाठ आठ वर्षं घेतला.

मला त्याच्यापेक्षाही त्या लोकांच्या एका आकड्याचं कौतुक वाटतं. त्यांच्याकडे अधिक-उण्याचा हिशेब ठेवतात. दोन्हीकडे सारखे गडी असताना तुम्ही बर्फावर असलात आणि आपल्या संघाने गोल केला तर तुमच्या नावावर अधिक एक. गोल खाल्ला तर उणे एक. मग तुम्ही त्या चकतीला हात लावलेला असो वा नसो. १९७०-७१ मध्ये ऑरचा हिशेब अधिक १२४ होता, आणि तो विक्रम आजही कुणी मोडलेला नाही. हा आकडाही पुरता न्यायाचा नाही, चांगल्या संघात असलं की तो आपोआप फुगतो. पण निदान कुणाला तरी वाटलं, की जे घडू दिलं नाही त्याचीही मोजदाद व्हावी.

आपल्या मातीतल्या हॉकीचं म्हणाल तर आमच्या शेजारच्या नांदेडला गुरू गोबिंदसिंघजींच्या नावाने अखिल भारतीय स्पर्धा भरते. तिथल्या प्रेक्षकांनाही पुढे धावणाऱ्यांचीच नावं पाठ असतात. ओडिशाच्या सुंदरगडचा दिलीप तिर्की बचावफळीत उभा राहून देशासाठी ४१२ सामने आणि तीन ऑलिंपिक खेळला. त्याचं नाव घेतलं की आपल्याकडे अजून 'कोण?' असं विचारणारे भेटतात. असो.

कबड्डीकडे परत येऊ. हा आपला खेळ. महाराष्ट्रात त्याला हुतूतू म्हणत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पुण्या-साताऱ्याकडे त्याचे नियम बांधले गेले, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तो तिकडे करून दाखवला, आणि पुढे शंकरराव तथा बुवा साळवींनी आयुष्य त्याच्यासाठी वेचलं. जुन्या काळी त्याचे तीन प्रकार होते. 'अमर'मध्ये कुणी बाहेर जातच नसे. 'गामिनी'मध्ये गेलेला गडी डाव संपेपर्यंत गेलेलाच. आणि 'संजीवनी'मध्ये आपल्या संघाने गुण मिळवला की गेलेला परत उठे. आज आपण जो खेळ बघतो तो संजीवनीवरच उभा आहे. म्हणून कोपऱ्यातल्याने एक घोटा धरला की दोन गोष्टी होतात: समोरचा मरतो आणि आपला एक जिवंत होतो. नाव ज्याने ठेवलं असेल तो नक्की कवी असणार.

पण या खेळात कारकीर्द म्हणजे काय, तर अगदी अलीकडेपर्यंत नोकरी. रेल्वे, पोलीस, बँका, महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम यांचे संघ असत. चांगला खेळलास तर कुठेतरी चिकटशील, एवढंच आई-बापाचं स्वप्न. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, त्यासाठी प्रमाणपत्रं जमवत पोरं तालुका, जिल्हा, विभाग करत फिरायची, अजूनही फिरतात. पैसा आला तो २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा. पहिल्या लिलावात सगळ्यात मोठी बोली होती राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. आज हा आकडा ऐकून हसू येतं, पण त्या दिवशी गावोगावच्या मैदानांवर पोरांनी तो तोंडपाठ केला होता.

नंतर चारच वर्षांत, २०१८ च्या लिलावात, कबड्डीत पहिल्यांदा एक कोटीची बोली लागली, आणि ती लागली एका कोपरारक्षकावर! मला वाटलं, आला बुवा न्यायाचा दिवस. यू मुंबाने हा गडी घेतला होता. पण तो लिलाव संपेपर्यंत चढाई करणारा मोनू गोयत एक कोटी ५१ लाखांवर गेला होता, आपला रिशांक एक कोटी ११ लाखांवर, आणि आणखीही काही जण कोटीच्या पुढे. कोटीचा उंबरठा अडवणाऱ्याने ओलांडला, पण घरात जाऊन पाटावर बसले चढाईवाले.

तो कोपरारक्षक म्हणजे इराणचा फजल अत्राचली. त्याच्याबद्दल जरा सैल होऊन बोलतो, कारण गडीच तसा आहे. १९९२ चा जन्म, कुस्तीच्या मुलखातला. इराणमध्ये कुस्तीचं वेड आपल्या कोल्हापूरसारखं. तिथे 'जोरखाना' म्हणून जुन्या तालमी असतात, मध्ये गोल हौदा, हातात लाकडी मुदगल. आपले कुस्ती, पैलवान, वस्ताद, जोर हे शब्द फारसीतून आलेले, तालीम आणि खलिफा अरबीतून. आमचा लातूर जिल्हा म्हणजे रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचा जिल्हा. त्यामुळे हा परका माणूस खाली वाकून घोटा धरतो, तेव्हा आमच्या गावच्या म्हाताऱ्या पैलवानांना तो परका वाटत नाही. टीव्हीसमोर बसून ते त्याचा पट मोजतात.

त्याच्या नावाची गंमत अशी. मूळ शब्द 'फाजिल', म्हणजे विद्वान, गुणवान. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ उरलेलं, जास्तीचं. मराठीने नेमका हा दुसरा अर्थ उचलला आणि आपण 'फाजील आत्मविश्वास' म्हणू लागलो. कोपऱ्यातल्या गड्याचा सगळ्यात मोठा दोष कुठला, तर हाच. लवकर झेपावणं. फजलचा खेळ नीट पाहिला तर दिसतं, की हा माणूस वाट बघतो. चढाईवाला पुढे आला, मागे गेला, हात फिरवला, पाय दाखवला, तरी हा जागचा हलत नाही. आणि मग एकदम खाली जातो. नावाने फाजील, खेळाने विद्वान!

त्याची कारकीर्द महाराष्ट्रातल्या दोन्ही संघांच्या आठवणीत आहे. २०१५ मध्ये यू मुंबाने विजेतेपद मिळवलं त्या संघात तो होता. २०१६ ला पाटण्याबरोबर पुन्हा विजेता. २०२२ मध्ये पुणेरी पलटणने त्याला एक कोटी ३८ लाखांना घेतलं, तो कर्णधार झाला, संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि जयपूरकडून हरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दबंग दिल्लीने पुणेरी पलटणला ३१-२८ असं हरवून विजेतेपद घेतलं, तेव्हा तो दिल्लीकडे होता, वय ३३. लीगमध्ये पकडीचे सर्वाधिक गुण त्याच्या नावावर आहेत, पाचशेच्या पलीकडे. प्रदीप नरवाल चढाईचे १८०० हून अधिक गुण घेऊन निवृत्त झाला. या दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे दोघांच्या मोठेपणातलं अंतर नव्हे, हे कुणीतरी सांगायला पाहिजे. एकाला दर वेळी आत जायची संधी असते, दुसऱ्याला समोरच्याने पाय पुढे टाकण्याची वाट बघावी लागते.

आता आपल्या माणसाकडे. कल्याणचा गिरीश इरनाक, तोही डावा कोपरारक्षक. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने बऱ्याच वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. त्या यशामुळे रिशांक आणि गिरीश हे दोघे त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धेसाठी भारताच्या संघात गेले. १९९० पासून आशियाई स्पर्धेतलं प्रत्येक सुवर्ण भारतीय पुरुषांचं होतं. त्या वर्षी उपांत्य फेरीत इराणने आपल्याला २७-१८ असं हरवलं, आणि इराणचा कर्णधार होता फजल. आपल्याच लीगमध्ये आपल्याच पोरांबरोबर राहून, त्यांचे पाय वाचायला शिकून गेलेला माणूस. गिरीशच्या वाट्याला कांस्यपदक आलं. पुढे पुणे, गुजरात, मुंबई अशा वेगवेगळ्या संघांच्या जर्सी अंगावर चढवत तो खेळत राहिला. लीगमधल्या बचाववाल्याचं जगणं असंच, दर हंगामाला नवं गाव, नवी साखळी, शेजारच्याच्या हाताची नवी सवय.

आणि पाच वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझाऊला, हिशेब फिरला. अंतिम सामना, पुन्हा भारत-इराण, २८-२८ अशी बरोबरी, शेवटची मिनिटं. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणाला न शिवता बाजूच्या राखीव पट्ट्यात गेला. झटापट सुरू झाल्याशिवाय त्या पट्ट्यात पाय टाकायचा नसतो. त्याला धरायला इराणचे बचाववालेही त्याच्यामागे तिथे गेले. मग वाद: फक्त पवन बाद, की मागे गेलेले सगळेच? लीगचा नियम एक सांगत होता, आंतरराष्ट्रीय नियम दुसरा. दोन्ही संघ मैदानात बसून राहिले, बराच वेळ खेळ बंद. शेवटी निर्णय आपल्या बाजूने आला आणि भारताने ३३-२९ असं सुवर्ण परत मिळवलं. आनंद मलाही झाला. पण माझं लक्ष त्या पट्ट्यात गेलेल्यांकडे होतं. धरायची सवय इतकी हाडात भिनलेली, की रेघ कुठे आहे हे पायांना कळलंच नाही.

शरीराचं काय होतं, तेही ऐका. घोटा धरताना बोटं धावत्या पायाखाली येतात. माझ्या ओळखीचे एक मामू आहेत, गवंडीकाम करायचे, ऐन उमेदीत पंचक्रोशीतले नामांकित कोपरारक्षक. उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी. ओळंबा धरतानाही ती सरळ होत नसत. त्यांच्या काळी मुरूम पसरून त्यावर माती टाकलेली मैदानं होती, उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळली की खालून ढेकूळ वर यायचं. पडलं की कातडी सोलून निघायची. आता मॅट आहे. कातडी वाचली, पण मॅटवर पाय घट्ट रुततो आणि अंग वळलं तरी गुडघा वळत नाही. हल्लीच्या पोरांच्या तोंडी 'लिगामेंट' हा शब्द सर्रास ऐकू येतो. मी एकदा मामूंना विचारलं, बोटांचं वाईट वाटत नाही का? ते म्हणाले, "वाईट कशाचं? ह्या दोन बोटांत बार्शीचा, उदगीरचा, अहमदपूरचा, सगळ्यांचे घोटे हैत." मग थोडं थांबून, "पर नोकरी नाही लागली बघ कुठं."

बॉबी ऑरचंही असंच झालं. गुडघ्यावर एकामागून एक शस्त्रक्रिया, आणि १९७८ साली, तिशीतच, खेळ संपला. फरक एवढाच की त्याच्या मागे पैसा होता, डॉक्टर होते. आमच्याकडच्या एकोणीस वर्षांच्या पोराचा गुडघा गेला तर त्याच्या बापापुढे प्रश्न असतो, यंदाचं सोयाबीन विकून ऑपरेशन करायचं की बहिणीचं लग्न. लीगमधल्या करारी खेळाडूला उपचार मिळतात. त्या लीगच्या पायऱ्या चढत असलेल्या हजारोंना मात्र जिल्हा पातळीवर साधा विमासुद्धा क्वचितच कुणी काढून देतं. खेळाडूची प्रमाणपत्रं तपासायला यंत्रणा आहे, त्याचा गुडघा तपासायला नाही. जिथे स्पर्धेच्या मंडपावर आणि ध्वनिक्षेपकावर खर्च होतो, तिथे नोंदणी शुल्कातच खेळाडूंचा सामुदायिक अपघात विमा उतरवणं काही अवघड नाही. मंडळांनी मनावर घेतलं तर ते याच हिवाळ्यात करता येईल.

आणि ध्वनिक्षेपकाचा विषय निघालाच आहे तर निवेदक मित्रांना एक विनंती. चढाईवाला रिकामा परतला की तुम्ही म्हणता, 'चढाई वाया गेली'. कधीतरी कुणी वाया घालवली तेही सांगत चला. नाव दोनच अक्षरी असतं बहुतेकदा, फार दम लागत नाही.

परवा मुरुडमध्ये संध्याकाळी पोरं सराव करत होती. त्यांच्या सरांनी विचारलं, चढाई कोण करणार? सगळ्यांचे हात वर. कोपऱ्यात कोण उभं राहणार? तीन हात. त्यातला एक पोरगा डावखुरा, बारीक अंगाचा, आठवीतला. त्याच्या डाव्या गुडघ्याला निळी पट्टी बांधलेली होती. मी विचारलं, "काय रे, लागलं का?" तो म्हणाला, "नाही चाचा, दुखत-बिखत काही नाही. पण फजल बांधतो."

मग सरांनी शिट्टी वाजवली आणि तो पळत जाऊन आपल्या कोपऱ्यात वाकून उभा राहिला.